वाचायचं आपण, सांगायचं लेकरांनी

आमची आठ वर्षांची लेक घरीच शिकते. रात्री जेवणं उरकली, की तिला इतिहासातली एक गोष्ट मोठ्यानं वाचून दाखवायची, हा आमचा रोजचा पाठ. गेल्या पावसाळ्यात पन्हाळ्याचा वेढा चालू होता. एका रात्री सासूबाईंनी विचारलं, "तिला वाचता येतं की गं. मग तू कशाला घसा कोरडा करतीस?"

प्रश्न रास्त होता. १९८६ मध्ये गॉफ आणि टन्मर या संशोधकांनी वाचनाचं एक साधं सूत्र मांडलं: अक्षरं जुळवून शब्द ओळखण्याचं कौशल्य आणि ऐकून समजण्याची ताकद, यांचा गुणाकार म्हणजे वाचून समजणं. बेरीज नव्हे, गुणाकार. एक बाजू लंगडी असली की दुसरी कितीही भक्कम असून उपयोग नाही. या वयात कान डोळ्यांच्या बराच पुढे असतो. लेक स्वतः वाचते तेव्हा 'सैन्याची रसद तोडली' यातल्या जोडाक्षराशीच झटते आणि वाक्य संपेपर्यंत सुरुवात निसटून जाते. मी वाचते तेव्हा तिचं सगळं लक्ष अर्थाकडे मोकळं राहतं. शिवाय रसद, तह, फितुरी हे शब्द आमच्या स्वयंपाकघरात कधी येतात? ते पुस्तकातूनच कानावर पडायला हवेत.

पण नुसतं ऐकवून भागत नाही, हे मला उशिरा कळलं.

रोडिगर आणि कार्पिकी यांचा २००६ चा प्रयोग मला फार मोलाचा वाटतो. विद्यार्थ्यांना उतारे दिले. काहींनी ते पुन्हा वाचले, काहींनी पुस्तक मिटून आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर पुन्हा वाचणारे पुढे. आठवड्यानं घेतली तर लिहून काढणारे पुढे! आठवायची धडपड हीच स्मरण पक्कं करते. तेव्हापासून मी पुस्तक मिटते आणि म्हणते, "आता तू सांग."

तिनं वेढा सांगितला तो असा: सिद्दी जौहरची माणसं बॅटरी घेऊन पहारा देत होती. शिवा काशीद महाराजांचा भाऊ होता, म्हणून तसा दिसायचा. आणि महाराज पालखीत बसून तासाभरात विशाळगडावर पोहोचले.

मी आधी हिरमुसले. मग बार्टलेट आठवला. या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञानं १९३२ च्या ग्रंथात दाखवलं होतं, की माणूस गोष्ट जशीच्या तशी साठवत नाही, आपल्या ओळखीच्या जगाच्या साच्यात नव्यानं घडवतो. अमेरिकेतल्या मूलनिवासींची एक लोककथा त्यानं इंग्लंडमधल्या लोकांना वाचायला दिली, तर परत सांगताना अनोळखी गोष्टी गळाल्या आणि मूलनिवासींची 'कनू' ही अरुंद होडी साधी बोट झाली. आमच्या मशालीची बॅटरी झाली, तसंच. तासभर कुठून आला? आम्ही विशाळगडाला गाडीनं जातो तिथून.

म्हणजे चूक हा चक्क नकाशा होता. कुठं तिची समजूत कमी पडतेय, ते तिनंच दाखवलं होतं. मशाल आणि शिवा काशीद यांच्यासाठी पान पुन्हा उघडलं. तो महाराजांचा कुणी नात्यातला नव्हता, नाभिक समाजातला मावळा होता आणि आपण धरले जाणार हे ठाऊक असून दुसऱ्या पालखीत बसला होता. हे ऐकून ती बराच वेळ गप्प होती.

तासाभराचा गैरसमज मात्र पान वाचून जाईना. दुसऱ्या दिवशी रिमझिम पावसात रंकाळ्यावर गेलो. काठीच्या मधोमध पुस्तकांनी भरलेलं दप्तर अडकवलं. पुढचं टोक तिच्या खांद्यावर, मागचं तिच्या चुलतभावाच्या. दोनशे पावलं झाली नाहीत तोच दोघं थांबली. चपला चिखलात रुतल्या होत्या.

रात्री तिनं पुन्हा गोष्ट सांगितली. या वेळी पालखी रात्रभर चालत होती आणि सकाळ झाली तरी गड आला नव्हता. मध्येच थांबून म्हणाली, "आई, भोई जास्तीचे असणार बघ. खांदा बदलायला."

हे पुस्तकात कुठंच नव्हतं.