संख्या संयुक्त आहे हे कळणे आणि तिचे अवयव सापडणे

एखादी संख्या संयुक्त आहे हे सिद्ध होणे आणि तिचे अवयव सापडणे या दोन गोष्टी आपण शाळेत एकत्रच शिकतो. लहान संख्यांच्या बाबतीत त्या एकत्र येतातही, कारण ९१ ला ७ ने भाग गेला की दोन्ही कामे एकदमच होतात. संख्या शेकडो अंकी झाली की मात्र पहिले काम संगणक चुटकीसरशी करतो आणि दुसरे वर्षानुवर्षे अडून राहते. कोकणात वाढलेल्या वाचकाला हा भेद परका नाही. फणसावर थाप मारली की तो तयार झाल्याचे आवाजावरून समजते, पण आत गरे किती आहेत हे तो फोडल्याशिवाय कळत नाही.

ही थाप गणितात कशी मारतात, ते नीट पाहण्यासारखे आहे. फर्माच्या छोट्या प्रमेयानुसार २ हून मोठी कोणतीही मूळ संख्या घेतली आणि तिच्याहून एकाने कमी इतका २ चा घात करून त्याला त्या संख्येने भागले, तर बाकी १ च उरते. आता २ च्या ९० व्या घाताला ९१ ने भागले तर बाकी ६४ उरते, म्हणजे ९१ मूळ असूच शकत नाही. आणि या युक्तिवादात ७ किंवा १३ यांचा उल्लेखही करावा लागला नाही. एवढा मोठा घात प्रत्यक्ष लिहून काढावा लागत नाही, कारण वर्ग करत जायचे आणि दर पायरीला फक्त बाकी ठेवायची, एवढे पुरते. उलट दिशेने मात्र ही कसोटी फसवते: ३४१ ही ११ आणि ३१ यांचा गुणाकार असूनही तिच्या बाबतीत बाकी १ च येते. म्हणून कसोटीत नापास झालेली संख्या निश्चित संयुक्त असते, पण पास झालेली मूळच असेल असे नाही.

या दोन कामांतले अंतर इतिहासात सर्वांत स्पष्ट दिसते ते २ चा ६७ वा घात उणे १ या संख्येत. ती संयुक्त असल्याचे एदुआर लुकास यांनी १८७६ मध्ये दाखवले (दापोली तालुक्यातील मुर्डी गावी रँग्लर परांजपे जन्मले, तेच हे वर्ष), परंतु तिचा एकही अवयव त्यांच्या हाती लागला नव्हता. तो मिळाला १९०३ मध्ये, जेव्हा फ्रँक नेल्सन कोल यांनी १४७५७३९५२५८९६७६४१२९२७ ही संख्या १९३७०७७२१ आणि ७६१८३८२५७२८७ यांचा गुणाकार असल्याचे मांडले. हा गुणाकार आठवीतल्या मुलालाही वहीत पडताळता येतो. शोधणे अवघड आणि पडताळणे सोपे, हा अवयवांचा स्वभाव मला या सगळ्या विषयातला सर्वांत सुंदर भाग वाटतो.

काही संख्यांचा दुसरा टप्पा अजून आलेलाच नाही. विसावी फर्मा संख्या, म्हणजे २ चा १०४८५७६ वा घात अधिक १, ही ३१५६५३ अंकांची असून ती संयुक्त असल्याचे सिद्ध झाले आहे, मात्र तिचा एकही मूळ अवयव माहीत नाही.

हर्णैच्या बंदरावर मासळीचे पैसे मोबाइलवरून चुकते करणाऱ्याचाही या भेदाशी संबंध येतो, कारण इंटरनेटवरील सुरक्षेत वापरली जाणारी आरएसए पद्धत याच अंतरावर उभी आहे: मोठ्या मूळ संख्या शोधून त्यांचा गुणाकार करणे सोपे, त्या गुणाकारावरून त्या परत मिळवणे अतिशय कठीण. संख्या मूळ आहे की संयुक्त, याचा खात्रीचा आणि तत्त्वतः जलद निर्णय करणारी रीत आयआयटी कानपूरच्या मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी २००२ मध्ये दिली. सामान्य संगणकावर अवयव काढण्यासाठी तशी जलद रीत आजवर कोणी दिलेली नाही, आणि ती असूच शकत नाही असेही कोणी सिद्ध केलेले नाही.