पावसाळ्यात कोकणातलं सोलर बंद पडतं का?

‘कोकणात चार महिने ऊन नसतं, तिथे सोलर म्हणजे पैसे पाण्यात’ असा मजकूर वर्षानुवर्षं फिरतोय. आषाढातलं काळंभोर आभाळ पाहिलं की तो पटतोही.

पण पॅनेलला उजेड लागतो, रखरखीत ऊन नव्हे. ढगांतून झिरपणाऱ्या उजेडावरही वीज तयार होते, मात्र बरीच कमी. उलट पॅनेल तापलं की २५ अंशांच्या वर दर अंशाला साधारण ०.३ ते ०.४ टक्के उत्पादन घटतं. घरी नेट मीटर (घेतलेली आणि दिलेली, दोन्ही वीज मोजणारा मीटर) असेल तर एप्रिल-मेमध्ये ग्रीडला, म्हणजे वीज कंपनीच्या जाळ्याला, दिलेली जादा युनिटं पुढच्या बिलांत वळती होतात. म्हणून हिशोब वर्षाचा मांडावा, एकट्या जुलैचा नको.

धंद्याचंही तसंच. मासळीसाठी बर्फ बनवणारा कारखाना घ्या. जून-जुलैत यांत्रिक मासेमारी बंद, होड्या झावळ्यांनी शाकारलेल्या. बर्फाची मागणीही नेमकी तेव्हाच उतरते. हंगामात मात्र कॉम्प्रेसर रात्रभर चालतो आणि तिथे ग्रीड लागतेच. दिवसाचा भार सोलरवर, रात्रीचा ग्रीडवर, हीच मला व्यवहार्य वाट वाटते. सगळं एका फटक्यात बदलायचा हट्ट धंद्याला परवडत नाही.

खात्री करायचीय? ओळखीच्या घरी भर पावसात सोलरच्या इन्व्हर्टरच्या (पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणाऱ्या यंत्राच्या) स्क्रीनवर दिवसाची युनिटं बघा. आकडा लहान असेल, शून्य नसेल. शून्यच दिसला तर आधी लाईट गेलीय का पाहा, कारण बॅटरी नसलेलं ग्रीडला जोडलेलं सोलर तेव्हा आपोआप थांबतं. मग पॅनेलवरचं शेवाळ आणि माडाची सावली तपासा.