सूक्ष्मनियंत्रकाद्वारे व्हिडिओ संकेतनिर्मिती

दूरचित्रवाणी संचाला किंवा मॉनिटरला लागणारा व्हिडिओ संकेत, खास दृश्यचिप न वापरता, सर्वसाधारण सूक्ष्मनियंत्रकातील म्हणजेच मायक्रोकंट्रोलरमधील प्रोग्रॅमच्या आधारे आणि त्याच्या मोजक्या पिनांवरून तयार करण्याची ही पद्धत आहे. ती मुख्यत्वे हौशी इलेक्ट्रॉनिकीत रूढ आहे. चित्र काढण्यापेक्षा वेळ पाळणे हे येथील खरे काम होय, कारण चित्राची प्रत्येक रेषा ठरलेल्या क्षणी सुरू झाली नाही, तर संचाला चित्र स्थिर धरता येत नाही.

पाल या दूरचित्रवाणी प्रक्षेपणाच्या पद्धतीत एका चौकटीत (पूर्ण चित्रात) ६२५ रेषा आणि सेकंदाला २५ चौकटी असतात. प्रत्येक रेषेला ६४ मायक्रोसेकंद मिळतात, त्यांपैकी सुमारे ४.७ मायक्रोसेकंद समकालन स्पंदासाठी (रेषा कोठे सुरू होते ते संचाला कळवणाऱ्या खुणेसाठी) आणि सुमारे ५२ मायक्रोसेकंद दृश्य भागासाठी असतात. हौशी मंडलांत (सर्किटांत) रेषांचे आंतरग्रथन, म्हणजे सम व विषम रेषा आळीपाळीने पाठवणे, बहुधा वगळून ३१२ रेषांचेच क्षेत्र (अर्धी चौकट) पुन:पुन्हा पाठवतात आणि संच ते सहसा स्वीकारतात. एकवर्णी संयुक्त संकेतात, म्हणजे चित्र व समकालन एकाच तारेवरून नेणाऱ्या संकेतात, समकालनासाठी ० व्होल्ट, काळ्यासाठी सुमारे ०.३ व्होल्ट आणि पांढऱ्यासाठी १ व्होल्ट अशा तीन पातळ्या पुरतात. ५ व्होल्टच्या दोन पिनांना अनुक्रमे १,००० व ४७० ओहमचे रोधक जोडून त्यांची दुसरी टोके एकत्र केली आणि संचाचा ७५ ओहमचा भार धरला, तर गणिताने ०, ०.३० आणि ०.९५ व्होल्ट मिळतात. व्यवहारात एवढी अचूकता पुरेशी ठरते.

या पद्धतीचा उगम कोठे मानावा, याविषयी एकमत नाही. अमेरिकी इलेक्ट्रॉनिकी लेखक डॉन लँकेस्टर यांचा १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेला ‘टीव्ही टाइपरायटर’ हा आद्य प्रकल्प म्हणून अनेकदा सांगितला जातो. तो ३२ अक्षरांच्या १६ ओळी दाखवत असे. मात्र त्यात प्रक्रियकच (प्रोसेसरच) नव्हता, संकेत स्थलांतर रजिस्टरे (शिफ्ट रजिस्टर) व तर्कद्वारे (लॉजिक गेट) या साध्या मंडलांतून निघत असे. त्यामुळे त्याला हौशी दृश्यपटलाचा पूर्वज म्हणता येईल, प्रस्तुत पद्धतीचा क्वचितच. १९७७ मधील अटारी २६०० या खेळयंत्रात प्रोग्रॅम रेषेगणिक चित्र घडवत असला, तरी आडवे समकालन व रंग यांचे काम वेगळी चिप करत असे. सुमारे त्याच काळात लँकेस्टर यांनीच ६५०२ प्रक्रियकाच्या पत्तावाहिन्यांकडून (स्मृतीतील जागा निवडणाऱ्या तारांकडून) स्मृतीचे क्रमवीक्षण, म्हणजे क्रमाने वाचन, करून घेण्याची युक्ती मांडली, आणि १९८० च्या सिंक्लेअर झेडएक्स८० मध्ये झेड८० प्रक्रियकावरच पटलाचा भार टाकण्यात आला. गणन चालू असताना त्याचे चित्र नाहीसे होई आणि कळ दाबताच पडदा क्षणभर उसळे. काळ मोजण्याचे काम प्रक्रियकाकडे येणे हीच कसोटी धरल्यास या दोन उदाहरणांपासून प्रारंभ मानणे अधिक सयुक्तिक दिसते.

एकाच चिपमध्ये सर्व काही करण्याचा प्रघात मात्र १९९० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धातला असावा. १९९३ मध्ये आलेल्या पीआयसी१६सी८४ मधील प्रोग्रॅम विजेने पुसून पुन्हा लिहिता येई, त्यामुळे घरच्या घरी प्रयोग करणे सुलभ झाले. केवळ ३६ बाइटांची कार्यस्मृती असलेल्या या चिपवर ‘पाँग’सारखे खेळ दूरचित्रवाणीवर चालवले गेले.

तांत्रिकदृष्ट्या सर्वांत नाजूक प्रश्न इंटरप्टच्या, म्हणजे चालू काम थांबवून दुसरे करायला लावणाऱ्या संकेताच्या, कंपनाचा (वेळ मागेपुढे होण्याचा) आहे. १६ मेगाहर्ट्‌झवर चालणाऱ्या एव्हीआर सूक्ष्मनियंत्रकाला पालच्या एका रेषेसाठी नेमकी १,०२४ क्लॉकचक्रे मिळतात. रेषेचा इंटरप्ट आला तरी चालू सूचना पूर्ण झाल्याशिवाय प्रक्रियक तो हाती घेत नाही, आणि सूचनांची लांबी सारखी नसल्याने प्रतिसाद कधी एक, कधी दोन-तीन चक्रे उशिरा मिळतो. एक चक्र ६२.५ नॅनोसेकंदांचे असते. ५२ मायक्रोसेकंदांत १२८ पिक्सेल बसवले, तर एका पिक्सेलच्या वाट्याला जेमतेम साडेसहा चक्रे येतात, म्हणजे दोन चक्रांचा फरकही पिक्सेलच्या तिसऱ्या हिश्शाइतका होऊन उभ्या कडा दातेरी दिसतात. समकालन स्पंद टायमरच्या तुलना-पिनेवरून परस्पर काढल्यास तो या दोषापासून मुक्त राहतो, पण पिक्सेल मात्र मुक्त राहत नाहीत. यावर दोन उपाय आहेत: इंटरप्टपूर्वी प्रक्रियकाला निद्रावस्थेत ठेवणे, म्हणजे कोणतीही सूचना अर्धवट नसल्याने प्रतिसादाला दर वेळी सारखाच वेळ लागतो, किंवा इंटरप्टमध्ये शिरताच टायमरचा अंक वाचून तितकी चक्रे भरून काढणे. दुसऱ्या उपायात मुख्य प्रोग्रॅमला झोपी जाण्याचे वेळापत्रक सांभाळावे लागत नाही, म्हणून तो अधिक सोयीचा वाटतो. पिक्सेल बाहेर ढकलण्यासाठी चिपमधील एसपीआय ही बिट एकामागून एक पाठवणारी यंत्रणा वापरल्यास दर आठ पिक्सेलनंतर फट पडते. यूएसएआरटी ही दुसरी क्रमिक संदेशवहन यंत्रणा एसपीआय पद्धतीने चालवल्यास त्यातील दुहेरी साठवणीमुळे ती टळते.

स्मृतीची मर्यादाही जाचक असते. १२८ × ९६ पिक्सेलच्या एकवर्णी चित्राला १,५३६ बाइट लागतात, आणि एटीमेगा३२८ या एव्हीआर चिपमध्ये कार्यस्मृती एकूण २,०४८ बाइटच असते. म्हणून अक्षरांचे ठसे कायमस्वरूपी स्मृतीत ठेवून प्रत्येक रेषा आयत्या वेळी घडवण्याकडे कल असतो.

१९८७ मध्ये आयबीएमने आणलेल्या व्हीजीए पद्धतीत समकालनाच्या तारा वेगळ्या असल्याने विद्युत्‌ जोडणी सोपी होते, पण ६४० × ४८० साठी पिक्सेलची कंप्रता २५.१७५ मेगाहर्ट्‌झ असल्यामुळे वेळेचे गणित कठीण होते. लहान चिपांवर आडवे पिक्सेल कमी करूनच ते जमवले जाते.

रंगीत संयुक्त संकेतासाठी उपवाहकाची (रंगाची माहिती वाहणाऱ्या लहरीची) कंप्रता साधावी लागते. एनटीएससी या अमेरिकी पद्धतीत ती ३.५७९५४५ मेगाहर्ट्‌झ असते. उझेबॉक्स या हौशी खेळयंत्राच्या प्रकल्पात एटीमेगा६४४ तिच्या आठपट वेगाने, म्हणजे २० मेगाहर्ट्‌झच्या अधिकृत मर्यादेपलीकडे चालवला आहे. तथापि रंगसंकेतन तेथे स्वतंत्र चिप करते. पालमध्ये रेषेगणिक उपवाहकाची कला (फेज) पालटावी लागत असल्याने काम आणखी किचकट होते.

२००६ च्या प्रोपेलर या सूक्ष्मनियंत्रक चिपमध्ये प्रत्येक गाभ्यासोबत (प्रक्रियक-कोअरसोबत) व्हिडिओ जनक होता. २०२१ मध्ये आलेल्या आरपी२०४० या सूक्ष्मनियंत्रकातील प्रोग्रॅमक्षम आदान-प्रदान यंत्रणेमुळे चक्रे मोजण्याचा भार मुख्य प्रक्रियकावरून उतरला आणि २५२ मेगाहर्ट्‌झ क्लॉकवर डीव्हीआय या मॉनिटर-जोडणीचा अंकीय संकेतही काढता आला. मात्र ६४० × ४८० च्या आठ-बिटी चित्राला ३,०७,२०० बाइट लागतात आणि या चिपची स्मृती २६४ किलोबाइट आहे, त्यामुळे तेथेही पूर्ण चौकट साठवण्याऐवजी रेषा आयत्या वेळी घडवाव्या लागतात किंवा रंग कमी करावे लागतात.