'अधिक-उणे'च्या पलीकडची चूक : पीक कापणी प्रयोगांची पार्श्वभूमी

पीक विम्याची भरपाई महसूल मंडळाच्या सरासरी उत्पन्नावर ठरते, आणि हे सरासरी उत्पन्न मंडळातील सगळी शेते मोजून काढलेले नसते. प्रधानमंत्री पीक विमा योजनेच्या नियमांनुसार प्रमुख पिकासाठी मंडळात किमान 10 पीक कापणी प्रयोग घ्यावे लागतात, म्हणजे निवडलेल्या शेतातील ठरावीक मापाच्या तुकड्यातले पीक कापून त्याचे वजन करावे लागते. इतक्या थोड्या जागा पाहून हजारो एकरांविषयी बोलण्याचा अधिकार कुठून येतो आणि तो कुठे संपतो, याचा बराचसा उलगडा भारतातच, भाताच्या, तागाच्या आणि गव्हाच्या शेतांत झाला आहे.

नमुना पद्धत येण्यापूर्वी उत्पन्नाचा अंदाज आणेवारीवर चाले. गावकामगार पीक नजरेने पाहून ते सोळा आण्यांपैकी किती आले हे सांगत. क्षेत्र, सर्वसाधारण उत्पन्न आणि ही आणेवारी यांचा गुणाकार केला की जिल्ह्याचा आकडा तयार होई. या आकड्यात चूक असणार हे सर्वांनाच माहीत होते. चूक किती आहे हे सांगण्याची सोय मात्र पद्धतीतच नव्हती, आणि माझ्या मते तिचा खरा दोष हाच होता.

ही सोय यादृच्छिक निवडीमुळे आली. बिहार-ओरिसा प्रांतातील सनदी अधिकारी जॉन हबॅक यांनी 1923 ते 1925 या काळात भाताच्या शेतांत छोट्या चौकटी ठेवून कापणी केली. कोणती जागा कापायची हे त्यांनी माणसाच्या पसंतीवर न सोडता योगायोगावर सोपवले. जागा माणसाने निवडली तर तो नकळत भरलेल्या पिकाकडे वळतो. योगायोगाने निवडली तर प्रत्येक जागेला निवडले जाण्याची ठरावीक संधी मिळते आणि संभाव्यतेचे गणित लागू करता येते. या कामाचा आपल्या पद्धतींवर प्रभाव पडल्याचे इंग्रज संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी पुढे मान्य केले.

त्या गणिताचा गाभा असा. समजा, एका भागात एकरी सरासरी उत्पन्न 500 किलो आहे आणि जागोजागच्या उत्पन्नाचे प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीभोवतीच्या चढउताराचे माप, 200 किलो आहे. यादृच्छिक पद्धतीने 100 जागा निवडल्या तर नमुन्याच्या सरासरीची प्रमाण त्रुटी, म्हणजे ती खऱ्या सरासरीपासून साधारण किती हटते त्याचे माप, 200 भागिले 100 चे वर्गमूळ, म्हणजे 20 किलो येते. 400 जागा घेतल्या तर ती 10 किलोवर येते. चूक निम्मी करायची तर काम चौपट करावे लागते. एकूण जागांच्या मानाने नमुना केवढा, याचा या हिशेबाशी जवळजवळ संबंध नसतो. नमुना एकूण संख्येच्या अगदी लहान भागाएवढा असेल, तर 400 जागा तालुक्यासाठी जितक्या पुरतात तितक्याच राज्यासाठीही पुरतात, फक्त विचलन सारखे असले पाहिजे.

संख्याशास्त्रज्ञ जेर्झी नेमन यांनी 1934 च्या निबंधात या विचाराला नेमके रूप दिले. नमुन्यावरून एक आकडा न देता एक अंतराल, म्हणजे खालची आणि वरची मर्यादा, द्यावा, आणि तो काढण्याची रीत अशी असावी की पुन्हापुन्हा नमुने घेतल्यास शंभरांपैकी सुमारे पंचाण्णव वेळा खरी किंमत त्यात सापडेल. ही पंचाण्णव टक्क्यांची हमी रीतीची असते, हातात आलेल्या विशिष्ट अंतरालाची नव्हे. हा फरक शिकलेल्या माणसांच्याही हातून सुटतो, म्हणून तो सावकाश समजून घेण्याजोगा आहे.

त्याच काळात लंडनमध्ये नेमन यांच्या सहवासात काम करणारा एक तरुण सातारा जिल्ह्यातील बुध गावचा होता. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचा नमुना सिद्धांतावरील निबंध 1935 मध्ये प्रसिद्ध झाला. 1940 मध्ये ते दिल्लीतील कृषी संशोधन परिषदेत आले. तोवर कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी 1937 पासून बंगालमधील तागाचे मोठे नमुना सर्वेक्षण उभे केले होते. बंगालमधील 1943 च्या दुष्काळाने धान्याच्या विश्वसनीय आकड्यांची गरज किती तातडीची आहे हे भीषण रीतीने दाखवले.

सुखात्मे आणि महालनोबिस यांच्यातला वाद कापायच्या तुकड्याच्या आकारावरून झाला. महालनोबिस यांची बाजू अशी होती की ठरलेल्या पैशांत पुष्कळ लहान वर्तुळे विखरून कापली, तर शेताशेतांतील फरक चांगला पकडला जातो आणि नमुना त्रुटी, म्हणजे मोजक्याच जागा पाहिल्यामुळे येणारी चूक, घटते. हिशेबात हे बरोबरच होते. सुखात्मे यांनी मात्र गव्हावरील चाचण्या घेतल्या आणि 1946 मध्ये दाखवले की फार लहान तुकड्यांतून निघणारे उत्पन्न खऱ्यापेक्षा ठळकपणे जास्त येते.

असे का होते ते आकड्यांनीच पाहू. दोन फूट त्रिज्येच्या वर्तुळाच्या कडेवर कापणारा उभा असतो. कडेवरची रोपे आत धरायची की बाहेर, हे त्याला ठरवावे लागते, आणि मन आत धरण्याकडे झुकते. ही कड सगळीकडे फक्त दोन इंच बाहेर सरकली तरी त्रिज्या 24 ऐवजी 26 इंच होते आणि क्षेत्रफळ 17 टक्क्यांनी फुगते. तीच दोन इंचांची चूक 33 फूट बाय 33 फूट, म्हणजे बरोबर एक गुंठ्याच्या चौकोनात चारही बाजूंना झाली तर वाढ होते अवघी 2 टक्के. अशी हजार वर्तुळे कापली तर नमुना त्रुटी नगण्य होईल, पण 17 टक्क्यांची अभिनती, म्हणजे एकाच दिशेने होणारी चूक, जिथल्या तिथे राहील. जागा वाढवल्याने उत्तर अधिक अचूक दिसते, अधिक खरे होत नाही.

महालनोबिस यांनाही माणसाच्या हातून होणाऱ्या चुकांची पुरेपूर जाणीव होती. एकाच क्षेत्रात दोन स्वतंत्र उपनमुने काढून ते वेगवेगळ्या गटांकडे सोपवायचे आणि त्यांच्या निष्कर्षांतील तफावत पाहायची, ही त्यांची युक्ती मला या साऱ्या इतिहासातील सर्वांत सुंदर कल्पना वाटते. तरी दोन्ही गट एकाच दिशेने चुकत असतील, तर तीही गप्प राहते. 1950 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणामागे महालनोबिस यांचा हाच अनुभव होता. पीक कापणीत मात्र देशातील बहुतेक राज्यांनी मोठा चौकोन स्वीकारला.

आजही प्रयोगाची जागा यादृच्छिक अंकांनीच ठरते. गट नंबर असा निवडला जातो, आणि शेताच्या नैर्ऋत्य कोपऱ्यापासून लांबीत व रुंदीत किती अंतर जायचे तेही अंकच सांगतात. पण 10 प्रयोगांत वरच्या उदाहरणातील 200 किलोचे विचलन धरले तर प्रमाण त्रुटी सुमारे 63 किलो येते, आणि संख्याशास्त्रज्ञ विल्यम गॉसेट यांनी 1908 मध्ये लहान नमुन्यांसाठी घालून दिलेल्या रीतीने पंचाण्णव टक्क्यांचा अंतराल सरासरीच्या दोन्ही बाजूंना सुमारे 143 किलो पसरतो. मंडळातील पीक एकसारखे असेल तर विचलन कमी भरते आणि हा पसाराही आटोक्यात राहतो. उंबरठा उत्पन्नाशी, म्हणजे ज्याच्या खाली सरासरी गेली तर भरपाई मिळते त्या पातळीशी, तुलना करताना मात्र अंतराल बाजूलाच राहतो. भरपाई ठरते ती एकट्या सरासरीवरून.