पांगुळगाडा, नंदी आणि गाणारी गाडी

पोळ्याच्या आधीच्या आठवडी बाजारात आमच्याकडे आता दोन दुकानं शेजारी-शेजारी लागतात. एकीकडे पोत्यावर मांडलेले लाकडी नंदी. दुसरीकडे लाल-पिवळ्या प्लास्टिकच्या गाड्या, लेकरानं टांग टाकून बसायच्या आणि पायानं रेटायच्या. हँडलवर चार-पाच बटणं असतात. एक दाबलं की इंग्रजी अंक, दुसरं दाबलं की गाणं, तिसऱ्यावर गाईचा आवाज. दुकानदार ती 'शिकवणारी गाडी' म्हणून विकतो, आणि मजुरीच्या पैशातून घेणारे आईबाप दोन-दोन दुकानं हिंडून, विचारपूस करूनच घेतात. लेकरू कशानं शिकतं, याचा विचार आपल्या मुलखात बराच जुना आहे. त्यातलं काही सुतारांनी केलं, काही शिक्षकांनी.

चाकावरचं जनावर या मातीत किती जुनं, याचा एक पुरावा प्रवरेकाठच्या दायमाबादला १९७४ साली सापडला. दोन बैल जुंपलेला रथ आणि त्यात उभा सारथी, शिवाय हत्ती, गेंडा, रेडा अशी कांस्याची चार शिल्पं. ती लेकरांसाठी नव्हती, वजनावरूनच ते कळतं. पण जनावराखाली चाक बसवायची कल्पना ज्यांना सुचली, त्यांच्या घरात मातीच्या गाड्या असणारच, असं मला वाटतं. संस्कृतातल्या 'मृच्छकटिक' नाटकाचं नावच मातीच्या गाडीवरून पडलं. शेजारच्या मुलाची सोन्याची गाडी पाहून छोटा रोहसेन रडतो, त्याला मातीची गाडी नको असते. बाजारात हट्ट धरून बसलेलं लेकरू पाहिलं की मला दर वेळी तो आठवतो.

खेडोपाडी मात्र लेकराच्या पायाशी थेट नातं जोडलं ते पांगुळगाड्यानं. पुढं एक चाक, मागं दोन, आणि धरायला उभ्या चौकटीवर आडवी दांडी. माझे मोठेबाबा सुतारकी करायचे. गाडा करताना ते चाकं मुद्दाम जरा आवळून बसवत. सैल चाकाचा गाडा लेकराच्या पुढं पळतो आणि लेकरू तोंडावर पडतं, म्हणून. कोणाचं पोट्टं फारच हलकं असलं तर गाड्याच्या पाटावर अर्धी वीट ठेवायला सांगत. जसजसा पाय भरायचा, तसतशी ती वीट निघायची आणि चाकाला तेल पडायचं. सारवलेल्या अंगणात तो गाडा करकरत चालायचा, आणि त्या आवाजावरून लेकरू कुठं आहे ते स्वयंपाकघरातल्या माईला कळायचं. हे कोणत्या पुस्तकात वाचून आलेलं नव्हतं. पण लेकराच्या ताकदीप्रमाणं खेळणं बदलायचं, ही शिक्षणातली मोठी गोष्ट त्या अर्ध्या विटेत होती.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या पाहणीप्रमाणं निरोगी मूल साधारण सव्वाआठ ते साडेसतरा महिन्यांच्या दरम्यान कधीतरी स्वतःहून चालू लागतं. मधलं अंतर नऊ महिन्यांचं आहे. म्हणून शेजारणीचं लेकरू चाललं आणि आपलं चाललं नाही, याचा घोर लावून घेऊ नये. आणि घाईनं ते गोल वॉकर आणू नये, ज्यात लेकराला मधे लटकवून ठेवतात. पांगुळगाड्यात लेकरू मागं उभं राहतं, स्वतःचा तोल स्वतः धरतं. वॉकरमध्ये तोल वॉकरच धरतो आणि पायाचे फक्त चवडे जमिनीला लागतात. पायऱ्यांवरून घसरून, चुलीपाशी जाऊन इतके अपघात झाले की कॅनडानं २००४ मध्ये अशा वॉकरच्या विक्रीवरच बंदी घातली. आपल्याकडं ते अजून सर्रास मिळतात. उंच ओटा आणि जमिनीवरची चूल असलेल्या घरात तर ते मला धोक्याचेच वाटतात.

चालायला लागलेल्या लेकराच्या हाती विदर्भात नंदी येतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, भाद्रपद प्रतिपदेला, तान्हा पोळा भरतो. दुसरे रघुजीराजे भोसले यांनी तो १८०६ साली सुरू केला, असं नागपुरात सांगतात. वर्धा जिल्ह्यातल्या सिंदी रेल्वेचा तान्हा पोळा तर माणसाहून उंच नंद्यांसाठी नावाजलेला. गावात मात्र तो हातभर नंदीचा सण असतो. सागवानाच्या ठोकळ्यावर आधी वाकस चालतो, मग पटाशी. पाटाखाली चार चाकं लागतात, शिंगांना रंग, पाठीवर झूल, नाकात दोरी. आदल्या दिवशी बापानं खऱ्या बैलाला जसं सजवलं, तसंच लेकरू आपल्या नंदीला सजवतं. मग दोरी धरून घरोघर फिरायचं आणि बोजारा, म्हणजे सणाचे खुशीचे पैसे, मागायचा.

यात लेकरू काय शिकतं ते जवळून पाहावं. दोरी ढिली सोडली तर नंदी मागं राहतो. हिसका दिला तर आडवा होतो. वळणावर जरा फेर घेऊन वळावं लागतं. मागं वळून पाहत पुढं चालणं हे दोन वर्षांच्या जिवासाठी मोठं काम आहे. आणि कोणाच्या दारात उभं राहून दोन शब्द बोलणं त्याहून मोठं. मोठ्या भावंडांच्या झडत्या, म्हणजे पोळ्याची यमकातली गाणी, ऐकून बोबड्या तोंडात यमक बसतं, ते वेगळंच. ज्या घरी सुतार परवडत नसे तिथं चिखलाचे बैल आणि ज्वारीच्या धांड्याची बंडी व्हायची. बाभळीच्या काट्यानं धांडे एकमेकांत ओवायचे. थोरली भावंडं करायची आणि धाकटी मोडायची.

बसून चालवायच्या गाडीचं घराणं दुसरीकडचं. जर्मनीत कार्ल ड्राइस यांनी १८१७ साली दोन चाकांचं, पायडल नसलेलं लाकडी वाहन चालवून दाखवलं. वर बसायचं आणि पायानं जमीन रेटायची. ते मोठ्यांसाठी होतं, पण लहानांच्या आजच्या बिनपायडलच्या सायकलीची रीत तीच आहे. पायडल मारायला साधारण तीन वर्षांचा पाय लागतो, रेटायला मात्र दीड वर्षाचाही पुरतो. त्याच देशात फ्रेडरिक फ्रोबेल यांनी १८३७ मध्ये लहान मुलांसाठी संस्था काढली आणि खेळ हेच लहानपणीचं शिक्षण, हा विचार रुजवला. पुढं प्लास्टिक आलं. अमेरिकेत १९७९ मध्ये आलेली छत असलेली छोटी 'कोझी कूप' मोटार घरोघर गेली. तिच्या तळाला भोक होतं, त्यातून पाय जमिनीला लावून मूल ती चालवायचं. दिवे, आवाज आणि बटणं यांची भर नंतरची.

खेळण्यातून शिकवण्याचा विचार आपल्याकडं आला, आणि त्यात विदर्भाचा वाटा आहे. लग्नानंतर अमरावतीत राहिलेल्या ताराबाई मोडक १९२३ साली भावनगरला, बालशिक्षणाचं काम करणाऱ्या गिजुभाई बधेकांच्या बालमंदिरात गेल्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला. इटलीच्या शिक्षणतज्ज्ञ मारिया माँटेसरी यांची साधनं महाग आहेत, खेड्यातल्या लेकरापर्यंत ती पोचणार नाहीत, हे ताराबाईंनी ओळखलं. १९४५ मध्ये आजच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला काम सुरू केल्यावर त्यांनी शिंपले, बिया, पानं, खडे हाती घेतले. मुलं शाळेत येईनात तर शाळाच त्यांच्या अंगणात नेली. 'अंगणवाडी' ही कल्पना तिथली. इकडं वर्ध्याला ऑक्टोबर १९३७ च्या शिक्षण परिषदेत गांधीजींच्या नई तालीमची मांडणी झाली आणि १९४५ मध्ये सेवाग्रामला तिच्यात बालपणाचाही समावेश झाला. हातानं काम करत शिकायचं, ही त्यातली मूळ धारणा. २ ऑक्टोबर १९७५ ला देशात ३३ ठिकाणी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली, आणि अंगणवाडी हा शब्द गावोगाव पोचला.

त्यानंतरच्या दोन गोष्टी गाडी घेणाऱ्याच्या रोजच्या कामाच्या. २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं सांगितलं की एक ते चार वर्षांच्या मुलांची दिवसाकाठी किमान १८० मिनिटं हालचाल व्हावी, आणि वर्षाच्या लेकराला तर पडदा दाखवूच नये. दुसरी गोष्ट, १ जानेवारी २०२१ पासून भारतात खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. हस्तकला विभागाकडं नोंदणी असलेल्या कारागिरांना त्यातून सूट आहे. बाजारातल्या बिनचिन्हाच्या प्लास्टिकच्या गाडीला ती सूट लागू नाही. तेव्हा गाडी उलटी करून चिन्ह पाहावं, बॅटरीचं झाकण स्क्रूनं बंद आहे का ते पाहावं, आणि लेकराला बसवून दोन्ही तळवे जमिनीला पूर्ण टेकतात का तेही. आता मोटारीवर आपोआप चालणाऱ्या गाड्याही तालुक्याला मिळतात. त्यांची मला मनापासून काळजी वाटते. लेकरू नुसतं बसून राहतं, आणि किंमत तिप्पट.

आमच्या घरी भावाच्या मुलीला अशी पायानं रेटायची गाडी आणली. पहिले चार दिवस ती बटणंच दाबत होती. गाईचं बटण दाबलं की ती मान वळवून गोठ्याकडं पाहायची, कारण गाडीतली गाय 'मू' करायची आणि आमची हंबरायची. आई म्हणायची, "माय माही, पाय टेकव ना, रेट." पाचव्या दिवशी अंगणातल्या ओल्या चिखलात चाक रुतलं. ती उतरली, हँडल धरून ओढलं, मग मागं जाऊन ढकललं, आणि गाडी निघाल्यावर आमच्याकडं असं पाहिलं की भावाला राहवलं नाही, त्यानं तिला उचलूनच घेतलं.

यंदाच्या तान्ह्या पोळ्याला तिला नंदीही हवा होता आणि गाडीही सोडवत नव्हती. भावानं मोठेबाबांचा जुना नंदी काढला, पुसला, शिंगं रंगवली आणि त्याची दोरी गाडीच्या मागं बांधली. गाडी रेटत आणि नंदीला ओढत ती तीन घरं फिरली. बोजाऱ्याचे एकवीस रुपये गाडीच्या सीटखालच्या डब्यात ठेवले, आणि दर घराबाहेर उतरून ते आहेत ना, हे झाकण उघडून पाहिलं.