‘घर सोडा’ म्हणे, पण जायचं कुठे? मोबाइल होम आणि टोर्नेडोची पार्श्वभूमी

टोर्नेडोचा, म्हणजे ढगातून जमिनीपर्यंत उतरणाऱ्या वाऱ्याच्या प्रचंड भोवऱ्याचा, इशारा निघाला की अमेरिकेत बहुतेकांना एकच सांगणं असतं: घरातच थांबा, तळघरात उतरा, तळघर नसेल तर खालच्या मजल्यावरची बिनखिडकीची आतली खोली गाठा. मोबाइल होममध्ये, म्हणजे कारखान्यात बनवून जागेवर आणून ठेवलेल्या हलक्या घरांत, राहणाऱ्यांना मात्र नेमकं उलटं सांगतात. घराबाहेर पडा, आणि वेळेत पडा. ही सूचना चुकीची नाही. पण बाहेर पडून जायचं कुठे, याचं उत्तर गेल्या पन्नास वर्षांत सगळीकडे मिळालेलं नाही. घर सुधारत गेलं, इशारे सुधारत गेले, निवाऱ्याचा प्रश्न मात्र राज्याराज्यांवर आणि पार्कमालकांवर, म्हणजे या घरांच्या वसाहतींच्या मालकांवर, सोडला गेला.

अमेरिकेतल्या एकूण घरांपैकी साधारण 6 टक्के घरं या प्रकारची आहेत. तरी 1996 पासून टोर्नेडोत राहत्या घरी जे मेले, त्यांतले निम्म्याहून अधिक याच घरांमधले. यावरून तिकडे ‘ट्रेलर पार्क टोर्नेडोला ओढून घेतं’ असा एक जुना विनोद चालतो. वादळाला घर ओळखता येत नाही, हे सांगायला नको. दुसऱ्या घराचे पत्रे उडवणारा वारा इथे अख्खं घर उलटवतो, एवढाच फरक.

या घरांचं मूळ गाडीमागे ओढायच्या सहलीच्या ट्रेलरमध्ये आहे. दुसऱ्या महायुद्धात कारखान्यांच्या गावी कामगारांची रीघ लागली, तेव्हा सरकारनेच असे ट्रेलर निवासासाठी घेतले. युद्धानंतर घरटंचाई आली आणि तात्पुरती सोय कायमची होऊन बसली. रस्त्याच्या नियमांमुळे ट्रेलरची रुंदी 8 फुटांत अडकली होती. विस्कॉन्सिनच्या एल्मर फ्रे यांनी 1950 च्या दशकाच्या मध्यावर 10 फुटी घर बाजारात आणलं, आणि ‘मोबाइल होम’ हे नावही त्यांच्याच नावावर जमा आहे. ही घरं एकदा जागेवर बसली की सहसा हलत नाहीत.

गंमत म्हणजे टोर्नेडोचा अंदाज वर्तवणंही याच काळात सुरू झालं. त्याआधी कित्येक वर्षं, लोक घाबरतील म्हणून सरकारी अंदाजात ‘टोर्नेडो’ हा शब्दच टाळला जाई. 20 मार्च 1948 रोजी ऑक्लाहोमातल्या टिंकर हवाई तळाला टोर्नेडोने झोडपलं. पाचच दिवसांनी, 25 मार्चला, हवाई दलाच्या फॉबश आणि मिलर या दोन अधिकाऱ्यांनी तसाच धोका असल्याचं आधी सांगितलं आणि ते खरं ठरलं. ‘घर सोडा’ म्हणायला आधी थोडा वेळ हातात असावा लागतो. तो वेळ मिळायची शक्यता इथून निर्माण झाली.

आता घर उलटतं कसं ते पाहू. खाली पोलादी सांगाडा, त्याखाली रचलेले काँक्रीटचे ठोकळे, आणि सांगाड्यापासून जमिनीत पिळून बसवलेल्या लोखंडी खुंट्यांपर्यंत ताणलेल्या पोलादी पट्ट्या. भिंती उभ्या सपाट, वजन कमी, त्यात वारा फरशीखाली शिरून वर उचलतो. पट्टी गंजली, खुंटी आखूड पडली किंवा पावसाने माती सैल झाली, की बांधणीचा जोर गेला. बांधणी उत्तम असली तरी जोरदार टोर्नेडोपुढे घराच्या भिंती टिकतीलच असं नाही. म्हणून बांधणीचा उपयोग वादळी वाऱ्यात, टोर्नेडोच्या वेळी तिच्या भरवशावर आत बसण्यासाठी नव्हे.

अमेरिकेच्या संसदेने 1974 मध्ये या घरांच्या बांधणीसाठी कायदा केला आणि 15 जून 1976 पासून गृहनिर्माण खात्याची देशव्यापी मानकं लागू झाली. पुढे ऑगस्ट 1992 मध्ये अँड्र्यू चक्रीवादळाने दक्षिण फ्लोरिडातल्या मोबाइल होमच्या वसाहती भुईसपाट केल्या. मग जुलै 1994 पासून वाऱ्याचे तीन विभाग पाडून किनारपट्टीसाठी ताशी 160 ते 177 किलोमीटर वाऱ्याचा निकष आला. 2004 च्या फ्लोरिडातल्या वादळांत ही नवी घरं जुन्यांपेक्षा स्पष्टच चांगली टिकली. पण निकष आखले गेले चक्रीवादळ डोळ्यांपुढे ठेवून. आतली राज्यं, जिथे टोर्नेडो खरे थैमान घालतात, ती बहुतांशी सर्वांत सौम्य विभागातच राहिली.

आणि निवारा? 26 एप्रिल 1991 ला कॅन्ससमधल्या अँडोव्हर गावी एफ-5, म्हणजे सर्वांत तीव्र प्रतीचा, टोर्नेडो आला. गावाचा भोंगा वाजलाच नाही. पोलिसांनी गाडीचा सायरन वाजवत गोल्डन स्पर पार्कात फेऱ्या मारल्या. पार्कात सामाईक निवारा होता, दोनशेच्या आसपास माणसं त्यात शिरली आणि वाचली. त्याच पार्कात 13 जण मेले. निवाऱ्याच्या बाजूने याहून ठळक पुरावा मला तरी माहीत नाही. मिनेसोटाने तर त्याआधीच नियम केला होता: 1 मार्च 1988 नंतर परवाना मिळालेल्या, दहा किंवा अधिक घरांच्या पार्कला निवारा बांधावाच लागेल, आणि जुन्या पार्कांनी निवारा द्यावा किंवा सुटकेचा आराखडा सादर करावा. बहुतेक राज्यांत अशी सक्ती आजही नाही.

6 नोव्हेंबर 2005 च्या पहाटे दोनच्या सुमारास इंडियानातल्या इव्हान्सव्हिलजवळच्या एका पार्कात टोर्नेडोने 20 जण मेले. इशारा वेळेत निघाला होता, पण लोक झोपेत होते आणि भोंगे मुळात घराबाहेर असलेल्यांसाठी असतात. त्या वादळात दोन वर्षांचं मूल गमावलेल्या एका आईने पाठपुरावा केला, आणि 2007 मध्ये इंडियानाने नव्याने बसवलेल्या मोबाइल होममध्ये हवामान रेडिओ बंधनकारक केला. हा रेडिओ एरवी गप्प असतो आणि इशारा आला की स्वतः वाजतो.

‘खड्ड्यात, नाल्यात पालथे पडा’ हा जुना सल्ला अजून आहे, पण शेवटचा उपाय म्हणून. तिथे उडता ढिगारा लागतो, शिवाय पूर येऊ शकतो. 2009 मध्ये रेड क्रॉस आणि हवामान सेवेने गाडीतल्यांसाठीचा सल्ला एकत्र बदलला: पट्टा लावा आणि जवळच्या भक्कम इमारतीकडे निघा.

सल्ला बदलला, वेळ मात्र तोकडाच. प्रत्यक्ष इशारा, म्हणजे ‘वॉर्निंग’, आणि टोर्नेडो यांत साधारण दहा मिनिटं मिळतात, कधी तीही नाहीत. एवढ्यात मुलांना उठवून, म्हाताऱ्यांना गाडीत बसवून दूरचं चर्च किंवा शाळा गाठणं जमत नाही. म्हणून मोबाइल होमवाल्यांना तिकडचे जाणकार सांगतात की ‘वॉच’ लागला, म्हणजे टोर्नेडो होण्याजोगी हवा आहे असं कळलं, की तेव्हाच निघा. निवाऱ्याची किल्ली कोणाकडे असते आणि रात्री तो उघडा असतो का, हे त्याआधीच एकदा जाऊन विचारून ठेवा.