‘एका फ्रेजल व्हर्बचा एकच अर्थ’ हा समज सोडा

नागपुरात स्पर्धा परीक्षांच्या तयारीत एक यादी वर्षानुवर्षे हातोहात फिरते: डावीकडे इंग्रजी फ्रेजल व्हर्ब, म्हणजे क्रियापद आणि त्याला जोडलेले ‘ऑफ’, ‘अप’सारखे छोटे शब्द, उजवीकडे एकच मराठी अर्थ. ती पाठ झाली की काम झालं, असं समजतात. तसं नाही.

‘टेक ऑफ’ घ्या. सोनेगावच्या धावपट्टीवरून विमान टेक ऑफ करतं, तेव्हा अर्थ ‘उड्डाण करणे’. ‘टेक ऑफ युअर शूज’ म्हटलं की ‘काढणे’. नवा धंदा टेक ऑफ झाला, तर ‘जोरात चालू लागणे’. म्हणून आधी कर्म शोधा. बुटांच्या वाक्यात ते आहे, विमानाच्या आणि धंद्याच्या वाक्यात नाही. अर्धा गोंधळ इथेच मिटतो.

गुण खरे जातात ते सर्वनामापाशी, आणि यादी त्यावर अवाक्षर काढत नाही. कूलर बंद करायचा असेल तर ‘टर्न ऑफ द कूलर’ आणि ‘टर्न द कूलर ऑफ’ दोन्ही बरोबर. पण ‘कूलर’च्या जागी ‘इट’ आलं की फक्त ‘टर्न इट ऑफ’. ‘टर्न ऑफ इट’ चूक. उलट ‘लुक आफ्टर हर’ बरोबर, ‘लुक हर आफ्टर’ चूक. कारण ‘ऑफ’ इथे क्रियाविशेषण आहे, तर ‘आफ्टर’ शब्दयोगी (प्रिपोझिशन). त्याचं कर्म त्याच्या नंतरच येतं.

‘पुट अप विथ’ म्हणजे सहन करणे. त्यातला ‘विथ’ गाळला की उरतं ‘उभारणे’ किंवा ‘भिंतीवर लावणे’.

वहीत अर्थासोबत सर्वनाम घातलेलं एक पूर्ण वाक्य लिहा.